आयपी सॅन शिकताना : तुलनेच्या तक्त्यात न मावणारे प्रश्न



‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ म्हणजे सॅन. या विषयाच्या तुमच्या वहीत एक तक्ता बहुधा असेलच. डाव्या रकान्यात फायबर चॅनल सॅन, उजव्या रकान्यात आयपी सॅन. वेग : पहिल्याचा जास्त, दुसऱ्याचा कमी. खर्च : पहिले महाग, दुसरे स्वस्त. अंतर : पहिल्याला मर्यादा, दुसऱ्याला नाही. परीक्षेत ‘तुलना करा’ असा प्रश्न येतो, तक्ता उतरवला की गुण मिळतात आणि प्रकरण संपते.

प्रस्तुत टिपणात आपण या तक्त्याची चिकित्सा करणार आहोत. त्यातली विधाने सरसकट खोटी आहेत, असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आयपी सॅन म्हणजे ‘स्वस्तातले फायबर चॅनल’ असा समज हा तक्ता करून देतो आणि त्यात मूळ प्रश्नच हरवतो. तो प्रश्न असा : केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेली डिस्क सर्व्हरला जो भरवसा देते, तो भरवसा कसलीच हमी न देणाऱ्या नेटवर्कवरून कसा पाळायचा? हा प्रश्न समोर ठेवला, तर प्रकरणातली प्रत्येक संज्ञा आपली जागा सांगते. तो नसेल, तर उरते ती फक्त संक्षेपांची यादी.

1. आपल्या नोट्स कुठून आल्या?

भारतातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय ईएमसी कंपनीच्या शिक्षण विभागाने तयार केलेल्या ‘इन्फर्मेशन स्टोरेज अँड मॅनेजमेंट’ या पुस्तकाच्या आधारे शिकवला जातो. त्याची पहिली आवृत्ती 2009 साली आली, दुसरी 2012 साली. पहिल्या आवृत्तीत आयपी सॅनला स्वतंत्र प्रकरण आहे. दुसऱ्या आवृत्तीत त्याच प्रकरणात ‘फायबर चॅनल ओव्हर इथरनेट’ची भर पडली.

या पुस्तकाचे ऋण मान्य करायला हवे. विखुरलेला विषय त्याने एका क्रमात लावला. इनिशिएटर, टार्गेट, प्रोटोकॉलचे थर, नावे देण्याची पद्धत, टार्गेटचा शोध, सत्र, क्रमांक, सुरक्षा या सगळ्या बाबी तिथे आहेत आणि आकृत्या स्वच्छ आहेत. पण पुस्तकाचा मूळ वाचक कंपन्यांत काम करणारा, साठवणयंत्रणा निवडणारा माणूस आहे. म्हणून प्रकरणाची सुरुवात ‘असलेले नेटवर्क वापरता येते, त्यामुळे काटकसर होते’ या मुद्द्याने होते. खरेदी करणाऱ्याला तो मुद्दा आधी लागतो. शिकणाऱ्याला मात्र आधी ‘हे चालते कसे आणि मोडते कुठे’ हे कळायला हवे. नोट्स काढताना आपण पुस्तकातली कारणे गाळली, शीर्षके ठेवली आणि खरेदीदाराचा युक्तिवाद तेवढा तक्त्यात उतरवला. दोष पुस्तकाचा कमी आणि आपल्या संक्षेपाचा जास्त आहे.

2. मूळ प्रश्न : डिस्कचा भरवसा

स्कझी म्हणजे ‘स्मॉल कॉम्प्युटर सिस्टीम इंटरफेस’. त्याचे पहिले प्रमाणक 1986 सालचे. तेव्हा सर्व्हर आणि डिस्क यांच्यामध्ये काही मीटर लांबीची केबल असे. सर्व्हरने ‘अमुक ब्लॉकवर हे लिही’ अशी आज्ञा द्यायची, डिस्कने ‘लिहिले’ असे उत्तर द्यायचे. आज्ञा वाटेत हरवेल, दोन आज्ञांची अदलाबदल होईल, उत्तर यायला अर्धा सेकंद लागेल, असे प्रसंग त्या रचनेत नेहमीचे नव्हते. डेटाबेस आणि फाइल सिस्टीम या भरवशावर उभ्या राहिल्या.

फायबर चॅनलने केबलच्या जागी नेटवर्क आणले, पण भरवसा जपला. समोरच्याकडे रिकामा बफर आहे याची खात्री असल्याशिवाय चौकट पाठवायचीच नाही, असा तिथला नियम आहे. त्याला ‘बफर क्रेडिट’ म्हणतात. त्यामुळे गर्दी झाली तरी चौकट फेकून द्यावी लागत नाही, पाठवणारा थांबतो.

आयपी नेटवर्कचा स्वभाव याच्या उलट आहे. स्विच किंवा राउटर भरला की तो पॅकेट सोडून देतो. दोन पॅकेट वेगळ्या वाटांनी जाऊन उलट्या क्रमाने पोचू शकतात. मग अशा नेटवर्कवर डिस्क कशी ठेवायची?

आयस्कझी हे या प्रश्नाचे उत्तर आहे. एप्रिल 2004 मध्ये ते आरएफसी 3720 म्हणून प्रसिद्ध झाले आणि एप्रिल 2014 मध्ये आरएफसी 7143 ने त्याची आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांची एकत्रित मांडणी केली. कल्पना साधी आहे. स्कझीची आज्ञा आयस्कझीच्या पुडक्यात बांधायची आणि ते पुडके टीसीपीच्या स्वाधीन करायचे. हरवलेले पुन्हा पाठवणे आणि क्रम लावणे हे टीसीपीचे काम. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र नेहमीसारखी एक डिस्क दिसते.

3. क्रमांक कशासाठी?

इथे नोट्समधली पहिली मोठी उणीव दिसते. ‘आज्ञा-क्रमांक, स्थिती-क्रमांक, विदा-क्रमांक’ अशी तीन नावे तुम्ही पाठ केली असतील. पण एक शंका तुमच्या मनात यायला हवी होती : क्रम लावण्याचे काम टीसीपी करतेच, मग आयस्कझीला स्वतःचे क्रमांक का लागतात?

कारणे मुख्यतः दोन. पहिले, एका आयस्कझी सत्रात एकाहून अधिक टीसीपी जोडण्या असू शकतात. टीसीपी फक्त आपल्या एका जोडणीतला क्रम सांभाळते. तीन जोडण्यांवरून आलेल्या आज्ञांपैकी आधीची कोणती, हे तिला ठाऊक नसते. सत्रभर चालणारा आज्ञा-क्रमांक ते सांगतो. दुसरे, जोडणी तुटली तर वाटेतल्या आज्ञांचे काय झाले हे ठरवावे लागते. टार्गेट प्रत्येक उत्तरात ‘पुढचा अपेक्षित आज्ञा-क्रमांक’ कळवते. त्यावरून कोणत्या आज्ञा पोचल्या आणि कोणत्या नाहीत हे इनिशिएटरला समजते.

त्याच उत्तरात ‘इथपर्यंतच्याच आज्ञा पाठव’ अशी कमाल मर्यादाही असते. शिवाय मोठे लेखन असेल तर टार्गेट ‘आता एवढी विदा पाठव’ असा निरोप देते. त्याला ‘आर-टू-टी’ म्हणतात. आता मागे वळून फायबर चॅनलचे बफर क्रेडिट आठवा. दोन्हीकडे अडचण तीच आहे : समोरच्याकडे जागा नसताना माल पाठवू नये. फायबर चॅनलने ती दुव्याच्या पातळीवर सोडवली, आयस्कझीने आज्ञेच्या पातळीवर. ही खरी तुलना, आणि ती कोणत्याच तक्त्यात नसते.

4. तक्त्यातील चार विधाने तपासू

*‘आयपी सॅन मंद असते.’* आयस्कझीचे प्रमाणक आले तेव्हा बहुतेक ठिकाणी 1 गिगाबिटचे इथरनेट होते. आज 10, 25 आणि 100 गिगाबिटचे इथरनेट मिळते, त्यामुळे विधान जुने झाले आहे. पण त्याहून मोठी चूक म्हणजे ‘वेग’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत : सेकंदाला किती विदा वाहते आणि एका आज्ञेला किती वेळ लागतो.

हिशेब करून पाहू. 4 किलोबाइट म्हणजे 32,768 बिट. 1 गिगाबिटच्या तारेवर ते चढायला सुमारे 33 मायक्रोसेकंद लागतात. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये नुसते अर्धा फेरा होण्याची वाट पाहण्यात सरासरी 4.17 मिलिसेकंद जातात, म्हणजे शंभरहून अधिक पट. अशा डिस्कवर विखुरलेली छोटी वाचने असतील, तर नेटवर्क मंद आहे ही तक्रार निरर्थक आहे. उलट सलग मोठी फाइल वाचायची असेल, तर तीच 1 गिगाबिटची तार सेकंदाला 125 मेगाबाइटच्या वर जाऊच शकत नाही आणि अडथळा ठरते. डिस्कच्या जागी सुमारे 100 मायक्रोसेकंदांत उत्तर देणारी एसएसडी आली, की तारेवरचा आणि प्रोटोकॉलच्या थरांत जाणारा प्रत्येक मायक्रोसेकंद मोजावा लागतो. म्हणून ‘मंद की जलद’ याचे उत्तर ‘कोणत्या डिस्कवर, कोणते काम’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

*‘आयपी सॅन स्वस्त असते, कारण असलेले नेटवर्क वापरता येते.’* या विधानाला त्याच नोट्समधला पुढचा परिच्छेद छेद देतो. तिथे लिहिलेले असते की साठवणीची वाहतूक वेगळ्या व्हीलॅनवर किंवा वेगळ्या स्विचवर ठेवावी, प्रत्येक सर्व्हरला दोन मार्ग द्यावेत. मग असलेले नेटवर्क वापरले कुठे? कार्यालयातल्या संगणकांची आणि डिस्कची वाहतूक एकाच स्विचवर ठेवली आणि कोणी मोठी फाइल उतरवायला घेतली, तर पॅकेट गळतील, टीसीपी ती पुन्हा पाठवेल, आणि डेटाबेसला मात्र ‘आज डिस्क अडखळते आहे’ एवढेच दिसेल. खर्च वाचतो हे खरे, पण तो सामान्य इथरनेट साधनांमुळे आणि सर्वत्र उपलब्ध असलेल्या कौशल्यामुळे वाचतो; आधीच्या स्विचवर आणखी एक ओझे लादल्यामुळे नव्हे.

*‘अंतराची मर्यादा नाही.’* पॅकेट पोचण्याला मर्यादा नाही, वेळेला आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. मुंबई आणि चेन्नई यांच्यातले सरळ अंतर सुमारे 1,000 किलोमीटर धरा. जायला 5, यायला 5, असे किमान 10 मिलिसेकंद. प्रत्यक्ष तार वळणावळणाची असल्याने आणखी जास्त. आधीचे लेखन पूर्ण झाल्याशिवाय पुढचे करायचे नाही, असा ज्या कामाचा नियम आहे, त्याला सेकंदाला जास्तीत जास्त 100 लेखने मिळतील. आणि आर-टू-टीची वाट पाहावी लागली तर? आज्ञा गेली, ‘पाठव’ असा निरोप आला, विदा गेली, ‘लिहिले’ असे उत्तर आले. म्हणजे दोन फेऱ्या, 20 मिलिसेकंद, सेकंदाला 50 लेखने. आज्ञेबरोबरच थोडी विदा पाठवण्याची सोय आयस्कझीत का आहे, ते आता कळेल. दूरच्या शहरात प्रत ठेवताना ती सहसा काही क्षण मागे राहू देतात, त्यामागे हीच अडचण असते. फायबर चॅनलच्या चौकटी आयपीवरून नेणारे एफसीआयपी वापरले, तरी प्रकाशाचा वेग बदलत नाही.

अंतराचा दुसरा धोका दुव्याचा. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी 11.40 वाजता थांबवावे लागले आणि दुपारी 3.45 वाजता पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजाराची वेळ सायंकाळी 5 पर्यंत वाढवावी लागली. बाजाराने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे आपत्कालीन केंद्र यांच्यामधले दूरसंचार दुवे अस्थिर झाले, त्याचा परिणाम सॅनवर झाला आणि मुख्य केंद्रातले सॅन सर्व्हरांना उपलब्ध राहिले नाही. जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा त्यामुळे बंद पडली. ते सॅन कोणत्या प्रोटोकॉलवर चालत होते, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की दुवा डळमळला तेव्हा ‘थांबायचे की एकट्याने पुढे जायचे’ हा निर्णय साठवणयंत्रणेला घ्यावा लागतो आणि तो चुकला तर एक शहर नव्हे, देशभरचे व्यवहार अडतात. आपल्या तक्त्यात या निर्णयाला रकाना नाही.

*‘सुरक्षेसाठी चॅप वापरतात.’* चॅप फक्त ओळख पटवते : इनिशिएटर खरोखर तोच आहे का, आणि दुतर्फा वापरल्यास टार्गेटही तेच आहे का. त्यानंतर तारेवरून जाणारी विदा उघडीच असते. ती झाकायची तर आयपीसेक लागते. प्रमाणकाने आयपीसेकची सोय उत्पादनात असणे आवश्यक ठरवले आहे. वापरणाऱ्याने ती चालू करावी अशी सक्ती नाही. तशीच गोष्ट ‘डायजेस्ट’ची. विदा वाटेत बिघडली का, हे तपासायला टीसीपीजवळ 16 बिटांची बेरीज आहे आणि ती दुबळी मानली जाते. आयस्कझीत 32 बिटांची सीआरसी तपासणी आहे, पण मुळात ती बंद असते. दोन्ही बाजूंनी मान्य केली तरच चालू होते. आणि डायजेस्ट म्हणजे सुरक्षा नव्हे : चुकून झालेला बिघाड ते पकडते, मुद्दाम केलेला बदल नाही.

5. जे लिहिलेलेच नसते : एक लन, दोन सर्व्हर

टार्गेट जी तार्किक डिस्क देऊ करते तिला ‘लन’ म्हणतात. समजा, एकच लन तुम्ही दोन सर्व्हरांना जोडली आणि दोन्हीकडे ईएक्सटी4 फाइल सिस्टीम माउंट केली. आयस्कझी तक्रार करणार नाही. काही वेळ सगळे सुरळीतही दिसेल. पण प्रत्येक सर्व्हर कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची यादी आपल्या मेमरीत ठेवतो आणि दुसरा कोणी लिहितो आहे याचा त्याला पत्ता नसतो. दोघेही तोच मोकळा ब्लॉक वेगवेगळ्या फाइलींना देतात. पुढच्या वेळी डिस्क तपासायला जावे, तर फाइल सिस्टीम विस्कटलेली.

‘सॅन ब्लॉक देते, नॅस फाइल देते’ हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचले असेल. त्याचा अर्थ या प्रसंगात आहे. नॅसमध्ये फाइल सिस्टीम एका ठिकाणी असते आणि ती सर्वांमध्ये पंचाची भूमिका करते. सॅनमध्ये पंच नसतो; हवा असेल तर जीएफएस2 किंवा ओसीएफएस2 सारखी क्लस्टर फाइल सिस्टीम आणावी लागते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हाती सोपवलेली खरी विदा ज्या चुकीने जाऊ शकते, ती चूक नोट्समध्ये एका ओळीनेही नसावी, हे मला सर्वांत जास्त खटकते.

6. हे सॅन तुम्ही स्वतः उभारू शकता

फायबर चॅनलचा स्विच आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत नसतो. त्यामुळे सॅन ही फक्त आकृतीत पाहायची वस्तू, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. आयपी सॅनच्या बाबतीत ती खरी नाही, आणि तक्त्याने लपवलेला सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

एका साध्या संगणकावर लिनक्सच्या तीन आभासी मशीन चालवा. पहिलीवर ‘टार्गेटसीएलआय’ने एक मोठी फाइल लन म्हणून देऊ करा. दुसरीवर ‘ओपन-आयस्कझी’ने तिचा शोध घ्या आणि लॉगिन करा; नवी डिस्क दिसू लागेल. नाव देताना आयक्यूएन पद्धत वापराल : त्यात वर्ष-महिना आणि मग उलटे लिहिलेले डोमेन. वर्ष-महिना कशाला? डोमेनची मालकी उद्या बदलू शकते. त्या महिन्यात ते ज्याच्याकडे होते त्याने दिलेले नाव, एवढे सांगितले की दोन मालकांची नावे एकमेकांत मिसळत नाहीत.

मग ‘वायरशार्क’ लावून 3260 क्रमांकाच्या पोर्टवरची वाहतूक पाहा. एक मोठी फाइल लिहा आणि आज्ञा, आर-टू-टी, विदा, उत्तर हा क्रम डोळ्यांनी पाहा. तुमची फाइल झाकलेली नाही, हेही तिथेच दिसेल. नंतर लेखन चालू असताना नेटवर्क तोडा. प्रोग्रॅम लगेच चूक दाखवत नाही; तो थांबून राहतो. ओपन-आयस्कझी मुळात 120 सेकंद जोडणी परतण्याची वाट पाहते आणि मग चूक कळवते. हा आकडा वाढवला तर काय होईल, कमी केला तर काय? शेअर बाजाराच्या उदाहरणातला निर्णय इथे लहान रूपात तुमच्या हाती आहे. शेवटी तिसरे मशीन जोडून कलम 5 मधली चूक मुद्दाम करा. रिकाम्या लनवर ती केलेली बरी. पुढे कामावर होणार नाही.

7. नोट्समध्ये काय बदलावे?

आयएफसीपीला आयस्कझीइतकीच पाने देण्याचे आता कारण नाही. एका परिच्छेदात त्याचा उल्लेख पुरे. त्या जागी 2018 साली प्रमाणित झालेले ‘एनव्हीएमई ओव्हर टीसीपी’ यावे. तिथे स्कझीच्या आज्ञा नाहीत. एसएसडीसाठी आखलेल्या, अनेक समांतर रांगांवर चालणाऱ्या आज्ञा आहेत. पण खाली टीसीपी तेच, आणि प्रश्नही तोच : भरवसा न देणाऱ्या वाटेवरून डिस्कचा भरवसा. जो हा प्रश्न समजून आयस्कझी शिकला, त्याला नवे प्रमाणक परके वाटणार नाही. ज्याने तक्ता पाठ केला, त्याला नवा तक्ता पाठ करावा लागेल.

स्वाध्याय

1. टीसीपी क्रम राखत असूनही आयस्कझीला आज्ञा-क्रमांक का लागतो, ते दोन जोडण्यांचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
2. 300 किलोमीटर अंतरावरील टार्गेटवर एकामागून एक होणाऱ्या लेखनांची सेकंदाला कमाल संख्या काढा : (अ) आर-टू-टी लागत नसताना, (आ) लागत असताना.
3. चॅप, डायजेस्ट आणि आयपीसेक यांपैकी कोण कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवत नाही?
4. तुमच्या वहीतला तुलनेचा तक्ता घ्या आणि प्रत्येक विधानापुढे ‘कोणत्या परिस्थितीत’ असा नवा रकाना जोडा. जे विधान परिस्थिती सांगितल्याशिवाय टिकत नाही, ते खोडा.